ऐनाची बाजू

महाडला चवदार तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं फर्निचरचं दुकान आहे. पलंग, कपाटं, सोफे, देव्हारे, सगळं माझ्याकडे मिळतं. पण माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या पलंगासमोर जे कपाट उभं आहे ते माझ्या हातचं नाही. बायकोला लग्नात माहेरून मिळालेलं आहे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, एका वाडीत राहणाऱ्या मेस्त्रींनी केलेलं. सागाची चौकट आणि आत शिवणीच्या फळ्या. चोवीस वर्षं झाली, सकाळी डोळे उघडले की पहिलं दर्शन त्याचं. दार लावताना आवाज नाही, उघडताना अडकणं नाही. पावसाळ्यात अख्ख्या महाडातली कपाटं फुगून बसतात, हे आपलं तसंच.

बायको एकदा माहेरी गेली होती तेव्हा मी टेप घेऊन त्याच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. सुताएवढाही फरक निघाला नाही. टेप गुंडाळून खिशात ठेवली आणि दिवसभर कुणाशी धड बोललो नाही.

सुतारकाम मीही शिकलो आहे. रीतसर दोन वर्षांचा कोर्स केला आहे, भिंतीवर सर्टिफिकेट आहे. पण मला सगळे शेठ म्हणतात. मेस्त्री म्हटलं की महाडपासून पोलादपूरपर्यंत एकाच माणसाकडे बोट जायचं. माझ्या दुकानात येऊन, माझ्याच पलंगावर बसून गिऱ्हाईक विचारायचं, "शेठ, मेस्त्रींचा नंबर हाय का हो तुमच्याकडं?" मी सांगायचो, ते फोन वापरत नाहीत. ते खरंच वापरत नव्हते. पण मला सांगताना बरं वाटायचं.

मेस्त्री अंगाने काटकुळे. खाकी अर्धी चड्डी, वर बंडी, आणि खांद्याला एक कापडी पिशवी. पिशवीत जेवण नसायचं, लाकडाचे तुकडे असायचे. एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात एखादा तुकडा देऊन म्हणायचे, "वास घे. काय हाय सांग." माणूस गांगरायचा. मग हे स्वतः तो तुकडा नाकाशी धरायचे, अंगठ्याने चोळायचे, कानाजवळ नेऊन बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि त्या माणसाला झाडाची सगळी हकिकत ऐकवायचे. दासगावच्या एका मास्तरांचा स्टॉप त्यात चुकला होता. मास्तर महाडला उतरले, आणि तक्रार करायची सोडून माझ्या दुकानात येऊन कौतुकाने सांगत बसले. फणस तरणा असताना पिवळा असतो आणि म्हातारपणी लाल होतो हे त्यांना साठाव्या वर्षी कळलं म्हणे. मी म्हटलं, "ते मलाही माहीत आहे." मास्तर म्हणाले, "असेल, पण तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

लाकडांबद्दल ते भावकीतल्या माणसांसारखं बोलायचे. साग श्रीमंत, अंगात तेल असलेला, त्याला वाळवी विचारत नाही. शिवण वजनाला हलकी पण शब्दाची पक्की, एकदा बसवली की वाकायची नाही. किंजळ भांडखोर, आधी भोक न पाडता खिळा मारला की उभी फाटते. आंबा भोळा, त्याला कुठलीही कीड फसवते. आणि ऐन. ऐनाचं नाव काढलं की त्यांचा आवाज उतरायचा. "ऐन हट्टी हाय रे. पाणी पोटात धरून बसतो. त्याला घाई केली तर तो मान देनार नाय."

पेन्सिल ते वापरत नसत. खूण करायची ती पात्याच्या टोकाने, बारीक चर पाडून. मग त्या चरावरून नख फिरवायचे आणि करवत लावायचे. मी ते पाहून आलो आणि दुकानात तसं करून पाहिलं. दोन फळ्या वाया गेल्या.

एकदा महाडलाच सुतारांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. त्यात लाकडांच्या प्रकारांवर बोलायला मला बोलावलं होतं. समोर पन्नासेक सुतार, शेवटच्या रांगेत मेस्त्री. मी नवा शर्ट घातला होता. फळ्यावर दोन रकाने आखले आणि सांगितलं की सुईसारख्या पानांच्या झाडाचं ते सॉफ्टवूड, म्हणजे पाईन, देवदार. रुंद पानांच्या झाडाचं ते हार्डवूड, म्हणजे साग, ऐन, खैर.

मागून आवाज आला, "सावर कशात?"

"सावरीचं पान रुंद आहे. हार्डवूड."

मेस्त्रींनी पिशवीतून सावरीचा तुकडा काढला, त्यात अंगठ्याचं नख रुतवलं आणि तो पुढे पाठवला. हातोहात तो माझ्यापर्यंत आला. त्यात नखाची चंद्रकोर उमटली होती. सगळा हॉल हसला. मी म्हटलं, "शास्त्रानुसार ते हार्डवूडच आहे. हार्ड म्हणजे कडक असा अर्थ तिथे घ्यायचा नसतो. हार्डवूडच्या आत पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात, सॉफ्टवूडमध्ये तशा नसतात." पण हसणं थांबेना. त्यातला एक शब्दही कुणी ऐकला नसेल असं मला वाटलं.

एकाने ऐकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्री दुकानाच्या पायरीवर हजर. "त्या नळ्या दाखव."

मी भिंग दिलं. त्यांनी ते डोळ्याला लावलं, हं हं केलं आणि लगेच परत दिलं. मला वाटलं, पुस्तकी गोष्ट म्हणून उडवून लावतायत. पण ते उठले, सावरीची वीतभर पट्टी कापली, बशीत साबणाचं पाणी केलं, पट्टीचं एक टोक त्यात बुडवलं आणि दुसरं टोक ओठांत धरून गाल फुगवून फुंकर मारली. बशीत फेस आला. बुडबुड्यांची बारीक, एकसारखी फुलं. मग माझ्याकडच्या पाईनची तेवढीच पट्टी घेतली. फुंकून फुंकून मानेच्या शिरा टरारल्या, पाणी हललं नाही.

"अरे, तुझं पुस्तक खरं हाय रे!" ते ओरडले. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. मग त्यांनी प्रत्येकाला ते करून दाखवलं. दुपारपर्यंत माझ्या दुकानासमोर गर्दी, आणि महिनाभर गावात एकच गोष्ट, मेस्त्री लाकडातून फुंकर मारतात. नळ्यांचं ते वाक्य मला पंधरा वर्षं पाठ होतं. ते खरं आहे का हे पाहावं असं एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. त्यांनी एका सकाळीत ते माझ्याकडून काढून घेतलं, आणि घेतलं हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

सावित्रीचा मोठा पूर येऊन गेला त्याच्या चौथ्या दिवशीही ते असेच आले. बाजारपेठेत चिखल गुडघ्याएवढा, प्रत्येकाचं घरदार रस्त्यावर काढून ठेवलेलं. माझ्या दुकानातली प्लायची कपाटं पापुद्रे सुटून उभी होती. एमडीएफचे दरवाजे तर पाण्यात पडलेल्या भाकरीसारखे झाले होते. लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते आणि हे गृहस्थ रस्त्याने एकेका वस्तूला अंगठा दाबत चालले होते, डॉक्टर वॉर्डातून फिरतो तसे. माझ्यापाशी आले. एका दाराचा कोपरा मोडला, हुंगला, आणि म्हणाले, "ह्याला दोष देऊ नको. हे लाकूड नाय, भुसा हाय."

एमआयडीसीत मशीन येतात त्या खोक्यांच्या पाईनचं मी एक टेबल केलं होतं. ते चिखलात उलटं पडलेलं. निळे-काळे डाग पडले होते, पण चारही पाय जागच्या जागी. मेस्त्रींनी ते उलटसुलट केलं, गदागदा हलवलं आणि त्याच्यावर थाप मारली. "वा! शाबास!"

त्या अवस्थेतही माझी छाती फुगली. चार-पाच दिवस चिखल उपसताना मी ते शाबास मनात घोळवत होतो. मग एके दुपारी फावडं मारता मारता लक्षात आलं की ते टेबलाकडे बघून म्हणाले होते. पाईनला शाबास म्हणाले होते.

आता जे मी केलं ते सांगतो.

मेस्त्रींच्या वाडीच्या देवीची राई आहे. त्या राईतलं लाकूड कुणी तोडत नाही. वैशाखातल्या वादळात तिथला एक जुना ऐन उन्मळून पडला. मगरीच्या पाठीसारखी साल, दोन माणसांच्या कवेत न येणारा बुंधा. देवीचं झाड देवीच्याच कामी यावं म्हणून त्याचा देवळाला नवा दरवाजा करायचं ठरलं. काम अर्थातच मेस्त्रींकडे गेलं. त्यांनी सांगितलं, फळ्या पाडा, सावलीत मधे पट्ट्या घालून रचा, आणि दोन पावसाळे हात लावू नका.

वाडीच्या मुंबईकर मंडळाच्या अध्यक्षांचा मला फोन आला. "शेठ, पब्लिकला येत्या शिमग्याला डोअर रेडी पायजे. मेस्त्री दोन पावसाळे बोलतोय. एवढा टाइम कोणाला हाय? तुम्ही सांगा, खरंच एवढं लागतं का?"

लागतं. मला माहीत होतं. कच्चा ऐन वाळताना तडकतो, पीळ खातो, हे माझ्या पुस्तकातही होतं. तरी मी म्हणालो, "लाकडाचं निमित्त आहे हो. मेस्त्रींना आता दिसत नाही. नजर गेली आहे त्यांची. स्वतःहून सांगवत नाही म्हणून पावसाळे मोजतायत."

हे मी कुठून आणलं, मला माहीत नाही. तोपर्यंत असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तोंडातून आलं ते इतकं सहज आलं, आणि त्यात दयेचा असा काही सूर लागला, की अध्यक्ष म्हणाले, "अरेरे. बरं झालं शेठ, तुम्ही बोललात."

काम माझ्याकडे आलं. मेस्त्री भांडले नाहीत. एवढंच म्हणाले की निम्म्या फळ्या माझ्याकडे राहू द्या, देवीच्याच आहेत, कुठे जात नाहीत. उरलेल्या फळ्या मी महाडला आणल्या, पत्र्याच्या शेडमध्ये तापवल्या, पंखे लावले आणि माघात दरवाजा बसवला. पॉलिश केल्यावर ऐनाच्या काळ्या रेघा अशा उठल्या की मीच बघत राहिलो. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो गेले. जोडलेले हात, अंगठे, फुलं. मी ते दिवसातून दहादा बघायचो. बायकोला दाखवले. ती म्हणाली, "छान हाय. काकांनी बघितला का?" मेस्त्रींना ती काका म्हणायची.

शिमग्याच्या दिवशी सकाळी पालखी निघायची होती. वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल वाजत होते, मुंबईकरांचे मोबाइल वर उठलेले होते. गुरवाने कुलूप काढलं आणि दरवाजा ढकलला. दरवाजा हलला नाही. त्याने खांदा लावला. मग दोघांनी लावला. मग मी पुढे झालो. डावी फळी पीळ खाऊन उजवीवर चढली होती आणि खालून उंबऱ्यात रुतली होती. ढोल एकेक करत थांबले. आत देवी, बाहेर हजारभर माणसं, आणि मध्ये माझं काम. कुणीतरी पहार आणली.

"पहार ठेव खाली."

मेस्त्री गर्दीतून येत होते, एका माणसाच्या खांद्यावर हात ठेवून. त्यांनी दरवाजावर तळवा टेकवला आणि वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवला. तापलेल्या पोराच्या अंगावरून फिरवावा तसा. मग पाचर मागितली, डाव्या फळीच्या खाली सारली आणि दगडाने दोन ठोके घातले. फळी बोटभर उचलली गेली. त्यांनी खांदा लावला आणि दरवाजा किंचाळत उघडला. उन्हाची तिरीप आत गेली तेव्हा सगळ्यांना दिसलं. वरपासून कडीपर्यंत तडा, बोट जाईल एवढा.

"शेठ, हे काय लावलंत आमच्या देवीला?" एकजण ओरडला.

"अरे लाकूडच बाद असनार," दुसरा म्हणाला. "राईत सडलेला ऐन तो. तिथंच पडू द्यायचा व्हता."

मेस्त्री गर्रकन वळले. त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. "ऐनाला बोल लावू नका! तो वळनारच व्हता. अंगात पाणी हाय त्याच्या. ह्या टायमाला कुणी बी दार केलं असतं तरी वळलं असतं. मी केलं असतं तरी वळलं असतं!"

अध्यक्षांनी दोन्ही हात वर केले. "ऐकलं ना? मेस्त्री स्वतः बोलतायत. मंग शेठची काय मिस्टेक नाय. चला, पालखी उचला." ढोल पुन्हा सुरू झाले.

मी देवळामागे जाऊन उभा राहिलो. ज्याच्या पोटावर मी पाय दिला त्यानेच भर गावात मला वाचवलं, आणि ह्याचा मला राग येत होता. मोठेपणातसुद्धा हा माणूस मला पुढे जाऊ देणार नाही.

पालखी खाली गेल्यावर ते पायऱ्यांवर एकटे बसलेले दिसले. मी गेलो आणि म्हणालो, "मेस्त्री, तुम्ही माझी अब्रू राखलीत."

"कुनाची?"

"माझी. तुमच्या हातूनही असंच झालं असतं, असं सांगितलंत म्हणून."

ते खरोखरच गोंधळले. "तुझं नाय रे बोलत व्हतो. ते ऐनाला सडका म्हनाले." मग उजेड पडल्यासारखे म्हणाले, "हां, दार तू केलंस नाय का."

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. वीस-बावीस वर्षं ज्याच्याशी मी मनातल्या मनात झुंजत होतो, त्या झुंजीची ह्या माणसाला खबरच नव्हती. त्याने एकदा तरी माझ्यावर रागवावं, शिवी द्यावी, एवढंच मला हवं होतं. मी म्हटलं, "तुमचं काम का गेलं माहीत आहे? मुंबईकरांना मी सांगितलं. मी! मेस्त्रींची नजर गेली म्हणून."

ते उठून उभे राहिले. चाचपडत माझा दंड धरला. आता थोबाडीत बसणार असं वाटलं, आणि बसावी असंही वाटलं.

"तुला कसं कळलं?" ते हळूच म्हणाले.

कुणी जवळपास आहे का याचा त्यांनी कानोसा घेतला.

"मी बायकूला बी बोललो नाय अजून. डावा डोळा तीन वर्षांमागं गेला. उजव्यात धुकं हाय. काचबिंदू म्हनाला डॉक्टर, गेलेलं परत नाय यायचं. कुनाला कळलं नाय रे. कामात तर कुनालाच नाय." दंड सोडला नव्हता. "तुला कळलं. तुझी नजर चांगली हाय. सुताराची नजर हाय."

थाप होती, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. ते मिटलं. त्यांच्या तोंडून माझ्याबद्दल निघालेले ते पहिले चांगले शब्द होते आणि ते परत करण्याची माझी हिंमत झाली नाही.

दुसरा पावसाळा सरला तेव्हा त्यांनी निरोप पाठवला. त्यांच्याकडच्या निम्म्या फळ्या तयार झाल्या होत्या. दिवाळीनंतर आठवड्यातून तीन दिवस मी वर वाडीत जात होतो. खुणा मी करायच्या, पात्याने. करवत ते धरायचे. चर जरा वाकडा गेला की नख फिरवून म्हणायचे, "पुन्हा." दरवाजा झाला, बसला. अजून त्याला काही झालेलं नाही. कामाच्या जागी कुणी आलं की ते माझ्याकडे हात करून सांगायचे, "ह्याची नजर बघा. सगळ्यांच्या आधी ह्यानं वळखलं." लोक माझ्याकडे आदराने बघायचे आणि मी मान खाली घालून रंधा मारायचो. त्यांना विनयच वाटत असणार.

गेल्या वर्षी मेस्त्री गेले. दहाव्याला आम्ही दोघं नवरा-बायको वाडीत गेलो होतो. तिथेही त्यांच्या मुलाने चारचौघांत तेच सांगितलं, बाबांची नजर गेल्याचं सगळ्यांत आधी शेठना कळलं म्हणून. परत येताना मोटारसायकल रस्त्याकडेला लावून मी बायकोला सगळं सांगितलं. फोन, थाप, पायऱ्यांवरचं बोलणं, सगळं. म्हटलं, मला काही कळलं नव्हतं. ती निव्वळ थाप होती. योगायोगाने खरी निघाली.

तिने सगळं ऐकून घेतलं.

"थाप कसली?" ती म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. काका कुठं गेले, काय बोलले, करवत कशी धरली, पेन्सिल का नाय वापरली, दुसरं काय असायचं तुमच्या तोंडात? एवढं बघितल्यावर कळनारच. तुमचं तुम्हाला ठावं नव्हतं, एवढंच." ती मोटारसायकलवरून उतरली आणि पदर सारखा करत रस्त्याच्या पलीकडे बघायला लागली.

"माझ्याकडं बघितलंत का हो कधी एवढं?"